बहात्तर कप्प्यांचा धनी

भाताच्या मुलखात उभा जन्म काढून ज्या माणसानं एकदाही आमटीभात कालवला नाही, त्याच्यावर पहिल्या दिवसापासून माझा विश्वास बसला नाही. त्यांच्या जेवणाच्या डब्यात एकावर एक चार डबे असायचे. एकात भात, एकात आमटी, एकात भाजी, चौथ्यात लोणचं. आधी भात संपवायचा, कोरडाच. मग आमटी प्यायची. मग भाजी. लोणचं सगळ्यात शेवटी, नुसतं. आमची आया हौसाबाई दारात उभी राहून हे जेवण बघायची आणि तोंडाला पदर लावायची. एकदा मी न राहवून विचारलंच, की हे काय चालवलंय तुम्ही? तर भाताचा कोरडा घास सावकाश गिळून ते म्हणाले, "सिस्टर, एकदा कालवलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही."

वेगळं कशाला करायचंय? जेवायचंच तर आहे. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांना कप्पेशास्त्री हे नाव मी ठेवलं, खोटं कशाला बोलू? आठवड्याभरात दवाखाना त्यांना त्याच नावानं ओळखायला लागला. तोंडावर अर्थात सगळे 'साहेब' म्हणायचे. त्यांनाही ते खरं वाटायचं.

दवाखाना कर्जतला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, एका धर्मादाय संस्थेचा. वीस खाटा, एक डॉक्टरीणबाई, आम्ही दोघी नर्सा, एक कंपाउंडर आणि हौसाबाई. साठ सालानंतरची गोष्ट. कडावपासून खालापूर, लोधिवलीपर्यंतची माणसं यायची. कुणी एस्टीनं, कुणी बैलगाडीनं, कुणी दुधाच्या टेंपोत कॅनच्या शेजारी बसून. आलेल्या प्रत्येकाचा केसपेपर लिहिला जायचा आणि संध्याकाळी कंपाउंडर त्या दिवसाचे सगळे कागद फडक्यात बांधून फळीवर टाकायचा. जुना कागद हवा असला की तास-तास गाठोडी सोडायला लागायची. हळू काम होतं. पण हळू आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी त्याच्या भरवशावर बसत नसे.

मग हे आले. टपाल खात्यात, आगगाडीच्या डब्यात पत्रं निवडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गाडी धावतेय आणि हे समोरच्या कप्प्यांत पत्रं भिरकावतायत, डोळे मिटून म्हणे. निवृत्त होऊन घरी बसले आणि बहुधा बायकोनं हात जोडले असावेत. तिथून थेट आमच्या गळ्यात. संस्थेच्या मंडळींना वाटलं, घरबसल्या देव पावला. त्यांनी फळीवरची गाठोडी बघितली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "शोधायचं नसतं, सिस्टर. जायचं असतं. जो शोधतो त्याची मांडणी चुकलेली असते."

हे वाक्य मी पुढं आठ वर्षं ऐकलं. दिवसातून दोनदा तरी.

आधी त्यांनी आजारांप्रमाणे कागद लावले. तापाचा कप्पा, पोटाचा, हाडांचा, बाळंतपणांचा, सापाविंचवाचा. महिनाभर केसपेपर कुणाला मिळाले नाहीत, कारण मांडणी चालू होती. मांडणी झाल्यावर कडावचे एक म्हातारे आले, छातीत दुखतंय म्हणून. त्यांचा खोकला एका कप्प्यात, हर्निया दुसऱ्यात आणि गाडीवरून पडून मोडलेला पाय तिसऱ्यात. कप्पेशास्त्र्यांनी ऐटीत छातीचा कप्पा उघडला, त्यात म्हातारे नव्हतेच. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "या माणसाचा बाकीचा भाग कुठं ठेवलाय तुम्ही?" आमच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलायच्या, पण बोलल्या की त्याचा वळ उठायचा.

मग महिन्यांप्रमाणे लावले. बारा महिने, बारा कप्पे. पावसाळ्यात आमच्याकडे निम्मा तालुका तापानं नि जुलाबानं यायचा, तेव्हा ते चार कप्पे फुगून त्यांची दारं लागेनात, आणि उन्हाळ्याच्या कप्प्यांत झुरळं राहायला आली. त्यात माणसाला महिना विचारावा तर माणूस महिन्यात बोलतो कुठं?

"मागं कधी आला होतात?"

"लावनीच्या येळी."

"म्हणजे कुठला महिना?"

"आता लावनी कवा आसती ते तुमाला ठावं नाय व्हय, सायेब?"

लावणी पाऊस म्हणेल तेव्हा होते. ती कधी एका कप्प्यात, कधी दुसऱ्यात. मग हे एकामागून एक बारा दारं उघडत बसायचे, आणि त्याला शोधणं म्हणायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती.

शेवटी त्यांना साक्षात्कार झाला. गाव! माणूस आपलं गाव विसरत नाही. पत्रांचंही असंच असतं. संस्थेकडे हट्ट करून त्यांनी सुतार बसवला आणि खोलीच्या तीन भिंती भरून बहात्तर कप्पे करून घेतले. बहात्तर गावं, बहात्तर कप्पे, सगळे एकाच मापाचे. मी म्हटलं, कडावचं माणूस रोज दहा येतं आणि डोंगरावरच्या वाडीचं वर्षातून एक, मग कप्पा सारखाच कसा? तर म्हणाले, "गावागावांत भेदभाव मला मान्य नाही." कडावचा कप्पा सहा महिन्यांत असा ठासून भरला, की एक कागद ओढावा तर चार फाटावेत. शेजारच्या एका वाडीच्या कप्प्यात एकुलता एक केसपेपर होता आणि पालीची दोन अंडी.

पण संस्थेची मंडळी वर्षाकाठी पाहणीला यायची तेव्हा यांचा दिवस असायचा. खिशातलं घड्याळ काढून ते टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सांगा कुठलंही नाव." मंडळींपैकी कुणीतरी आपल्या ओळखीचा शेतकरी, दुकानदार, कुठल्या गावचा पाटील सांगायचा. हे उठून दोन पावलं चालायचे, हात घालायचे, आणि कागद हजर. "बावीस सेकंद." मंडळी टाळ्या वाजवायची. आम्ही दारात ट्रे घेऊन उभ्या. मला तेव्हाही काहीतरी खटकायचं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. नंतर कळलं. पाहणीला येणारे पुरुष, नावं सांगणार ती पुरुषांची. पुरुषाचं काय, तो आपल्या गावी जन्मतो आणि त्याच नावानं, त्याच घरात म्हातारा होतो. त्याचा कप्पा चुकणार कसा? बावीस सेकंद हे त्या घड्याळाला पुरुषांनी दिलेलं सर्टिफिकेट होतं. आमच्या ओट्यावर रोज जी रांग लागायची तिच्यात निम्म्याहून जास्त बायका असायच्या.

एकदा त्यांच्या बायकोनं मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. घरही तसंच. मिठाच्या डब्यावर मीठ असं लिहिलेलं, घरात लहान मूल नसताना. बाई बोलकी होती. वाण देता देता म्हणाली, "लग्नात आमच्या यांनी माझं नावच नाही बदललं, बघा. सासूबाई किती रागावल्या. हे म्हणाले, एका माणसाला दोन नावं म्हणजे नसता घोटाळा." सगळ्या हसल्या. मीही हसले. माझं नाव लग्नात बदललं होतं आणि मी ते नाव घेऊनच नोकरीला लागले होते, नवरा मागं ठेवून. तो विषय मी तिथं काढला नाही, कुठंच काढत नसे.

म्हणजे बघा, घरात कळत होतं. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत जे माणसाला कळतं ते दवाखान्यातल्या हजार बायकांच्या बाबतीत कळू नये, याला मी अडाणीपणा म्हणत नाही. अडाणी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, ती असं करत नाहीत.

तो बाजाराचा दिवस होता, दुपारचे बारा वाजत आलेले. कडावहून टेंपो आला, मागं भोपळ्यांच्या पाट्या सरकवून घोंगडीवर एक बाई निजवलेली. बरोबर सासू आणि एक दीर. नवरा खोपोलीला कारखान्यात पाळीवर होता. घरी बाळंत होऊन सहा दिवस झाले होते आणि चार दिवस ताप. अंग इतकं पोळत होतं, की तिचा हात धरला तेव्हा मी दचकले. शुद्ध अशी नव्हतीच. नाव विचारलं, सासूनं सांगितलं, सुनंदा. मी दोनदा हाक मारली, "सुनंदा, ए सुनंदा." डोळे उघडले नाहीत.

बाईंनी तपासलं आणि मला म्हणाल्या, "पेनिसिलीन काढ." मी सुई उकळायला टाकली, तेवढ्यात सासू दाराशी येऊन उभी राहिली.

"बाय, हिला कंची तरी सुई सोसत नाय. पयल्या बाळतपनात बाधली व्हती. मरता मरता वाचली म्हनं."

बाई थांबल्या. "कुठं दिली होती?"

"हितंच. तुमच्याच दवाखान्यात."

"कुठली सुई?"

"त्ये मला काय ठावं? मी नव्हतं आलं."

पहिल्या बाळंतपणाला सात वर्षं झाली होती. त्या दिवसांत आम्ही तीन सुया हमखास द्यायचो. त्यातली एक पेनिसिलीन. ती बाधली असेल आणि पुन्हा दिली, तर बाई आमच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत जाईल. नसेल बाधली, तर या तापावर तिच्याइतकं दुसरं औषध आमच्या कपाटात नव्हतं, आणि प्रत्येक तास मोलाचा होता. बाईंची एक सवय होती. कुणाला औषध बाधलं, की केसपेपरच्या डोक्यावर लाल शाईनं लिहायच्या. म्हणजे उत्तर आमच्याच भिंतीत होतं. बाई म्हणाल्या, "जा, कागद आण. पळ."

मी पळाले. कप्पेशास्त्री भात संपवून आमटीला लागले होते.

"कडाव?" ते उठले, हात धुतले, पुसले, चष्मा लावला. कडावचा कप्पा. सुनंदा नाव तिथं तीनदा होतं. एक म्हातारी, एक शाळकरी मुलगी, एक दात काढायला आलेली. "नाही."

"नाही म्हणजे? बाळंतपण इथंच झालंय."

"कडावची बाई कडावच्या कप्प्यात. तिथं नाही, म्हणजे झालेलं नाही."

मी सासूला खोलीत ओढत आणलं. "पहिल्या बाळंतपणाला कुठून आणलं होतं हिला? माहेरून ना?"

"आता पयलं बाळतपन म्हायेरीच व्हनार की, बाय." मी असं काय विचारते म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. "म्हायेर लोधिवलीचं. पन हिला माय नाय. मामानं नेली व्हती. मामा तवा कुनाच्या मळ्यावर राखनीला व्हता, खालापुराकडं."

"गाव कुठलं?"

"कोन जानं."

"आणि माहेरचं नाव काय हिचं?"

सासूनं दिराकडे बघितलं, तो आपल्या पायांकडे बघत होता. "लगनात बदललं," ती म्हणाली. "जुनं नाव कशाला ध्येनात ऱ्हातंय?"

कप्पेशास्त्र्यांनी लोधिवलीचा कप्पा उघडला होता. सुनंदा त्यात नव्हती, कशी असेल? मग ते म्हणाले, खालापुराकडचे अठ्ठावीस कप्पे आहेत, एकेक काढतो, बघतो, परत लावतो, क्रम बिघडवून चालणार नाही. बघतो काय तर नाव. कुठलं नाव, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि शांतपणे त्यांनी पहिल्या कप्प्यातले कागद टेबलावर घेऊन ठोकून सरळ केले. ठोकून सरळ केले! तिकडे ती बाई तापानं फणफणत होती.

मी काय केलं ते सांगते. त्यांना खांद्यानं बाजूला सारलं आणि खालापुराकडचा पहिला कप्पा जमिनीवर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. हौसाबाईला हाक मारली, कंपाउंडराला बोलावलं, ओट्यावरच्या रांगेतली माणसं आत घेतली. सांगितलं, नाव वाचू नका, गाव वाचू नका, नुसतं वर लाल दिसतंय का तेवढं बघा. लाल दिसलं की इकडे. ज्यांना अक्षर येत नव्हतं तीही कामाला लागली. सासू मांडी घालून बसली आणि भाजी निवडावी तशी कागद निवडायला लागली. अठ्ठावीस कप्पे जमिनीवर, गुडघाभर कागद, आणि मधे कप्पेशास्त्री भिंतीला पाठ लावून उभे. एका हातात कप्पा ओढायची आकडी. त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. मला नाही आली. मला बरं वाटलं.

पाऊण तासात लाल शाईचे सतरा कागद निघाले. पुरुष बाजूला काढले, पोरं काढली, म्हाताऱ्या काढल्या. पहिलं बाळंतपण, सासू म्हणाली तशी मुलगी झालेली, सहा-सात वर्षांपूर्वीचं, असे दोन उरले. कंपाउंडरानं तेव्हा घाईत नुसतं नाव आणि गाव खरडलं होतं, बापाचं नाही की नवऱ्याचं नाही. एका कागदावर नाव बारकी आणि लाल शाईत धनुर्वाताच्या सुईचं नाव. दुसऱ्यावर नाव कमळी आणि लाल शाईत पेनिसिलीन, नाडी हरवली, पुन्हा देऊ नये.

म्हणजे बारकी असेल तर सुई द्यायची. कमळी असेल तर ती सुई म्हणजे मरण. मी दोन्ही कागद दोन हातांत धरून उभी होते आणि मला पुढं काही सुचत नव्हतं. सासूला विचारलं, बारकी का कमळी? ती रडायला लागली. "मला नाय म्हाईत गं, बाय."

"हाक मारून बघा."

हे कप्पेशास्त्री बोलले. भिंतीपाशी होते तिथूनच. आयुष्यभर ज्या माणसानं कागदाखेरीज कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला हे सुचलं. मला सुचायला हवं होतं, नर्स मी होते. त्यांना सुचलं याचा राग मला अजून आहे.

मी खाटेपाशी गेले, तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बारकी." काही नाही. पुन्हा म्हटलं. श्वास तसाच, पापणी हलली नाही. मग म्हटलं, "कमळी."

तिच्या ओठांची हालचाल झाली. मी पुन्हा म्हटलं, मामा मळ्यातून हाक मारील तशी, लांबवून, "कमळेऽऽ."

"ओ," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "आले."

सासू मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "कमळी व्हय नाव हिचं." सात-आठ वर्षं एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या होत्या दोघींनी.

बाईंनी पेनिसिलीनची बाटली कपाटात परत ठेवली. दुसऱ्या औषधानं ताप उतरायला नऊ दिवस लागले, त्यातले चार आम्ही कुणी पोटभर जेवलो नाही. पण कमळी उठली. जाताना तिनं मला विचारलं, "सिस्टर, त्या दिशी मला कोन हाक मारीत व्हतं? माजा मामा आल्यावानी वाटलं." मी म्हटलं, मीच होते. तिला खरं वाटलं नाही.

आता कुणीही म्हणेल, की यानंतर माणूस शहाणा झाला असेल, माफी मागितली असेल. छे! कप्पेशास्त्र्यांनी बाईंपाशी चकार शब्द काढला नाही, माझ्यापाशी तर नाहीच. जमिनीवरचे कागद पुन्हा लावायला त्यांना पंधरा दिवस लागले. मी ओतले म्हणून एका शब्दानं बोलले नाहीत, हे कबूल करते. बाई म्हणाल्या, निदान बायकांचे कागद एकत्र ठेवा, म्हणजे गाव चुकलं तरी एका जागी बघता येईल. तेही ऐकलं नाही. "कागद पहिल्या जागी राहील," म्हणाले. "माणूस हलतं. कागद हलत नाही."

आणि मग त्यांना नवं खूळ लागलं. रांगेतल्या प्रत्येक बाईला विचारायचं, माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय? जाड कागदाच्या तुकड्यावर लिहायचं, चिठ्ठी सासरच्या गावाच्या कप्प्यात टाकायची: अमक्या गावी बघा, तमक्या नावानं. बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. नवरा शेजारी असला तर सांगायच्या नाहीत, सासू असली तर मुळीच नाहीत. एका सासूनं ओट्यावरच सुनावलं, "आमच्या सुनंचं जुनं नाव तुला कशाला रं, मेल्या? म्हायेरी धाडायचीय काय परत?" हौसाबाई हसून हसून खाली बसली. मीही.

बरं, रांगेत विचारून भागेना, तेव्हा हे रविवारी सायकल काढून गावोगाव जायला लागले. कडावात माणसांनी त्यांची सायकल धरून ठेवली. चांगला केस पिकलेला माणूस, पायजमा, काळी टोपी, आणि दारोदार फिरून दुसऱ्यांच्या बायकांची लग्नाआधीची नावं विचारतोय. मार खायचाच तो. कमळीचा दीर मधे पडला म्हणून सुटले. सोमवारी आले ते टोपी चेपलेली, आणि खिशात चाळीस चिठ्ठ्या. मी म्हटलं, "काय साहेब, शोधायला गेला होतात का?" ते म्हणाले, "गेलो होतो." दोन शब्द. तेवढंच बोलले आणि कप्प्यांकडे वळले.

पुढं त्यांनी आणखी एक केलं, ते मात्र कुणालाच कळेना. रांगेत आलेल्या बाईचा नंबर आला, की सासरच्या नावानं न बोलावता माहेरच्या नावानं हाक मारायचे, मोठ्यानं. "सखू! ठकी! येसू!" चाळिशी-पन्नाशीच्या बायका दचकायच्या. कुणी लाजायची, कुणी पटकन ओ द्यायची आणि मग जीभ चावायची. एक म्हातारी तर त्या नावानं हाक ऐकून ओट्यावर रडत बसली, तिला उठवायला मला जावं लागलं. मी चिडून म्हटलं, बायकांना रडवायचे कसले धंदे हे? त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी खूण केली.

मलाही एकदा विचारलं होतं. दुपारची वेळ, मी पट्ट्या गुंडाळत होते. "सिस्टर, आपलं माहेर?"

"मला माहेर नाही," मी म्हटलं. "आणि माझा केसपेपरही नाही. मी आजारी पडत नाही."

खरं तर माहेर शेलूला होतं, दोन स्टेशनं सोडून. नवऱ्याला सोडून आले तेव्हा वडिलांनी दार उघडलं नव्हतं, तेव्हापासून शेलू येऊन गेलं तरी मी खिडकीबाहेर बघत नसे. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. जेवायला बसले, भात वेगळा, आमटी वेगळी.

निवृत्तीनंतरच्या या नोकरीतून ते निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं नारळ दिला आणि घड्याळ. घड्याळच द्यायला हवं होतं का? पण संस्थेला कोण सांगणार. मुलीकडे पुण्याला गेले, नंतर बातमी आली. मी हळहळले नाही. हौसाबाई म्हणाली, "सरनावर बी हात एकीकडं, पाय एकीकडं ठेवायला सांगितलं आसंल." मला हसू आलं, मग मीच तिला गप्प केलं.

त्यानंतर किती वर्षांनी तरी, दवाखाना नव्या इमारतीत जायचा होता, तेव्हा ते बहात्तर कप्पे मोकळे करायचं काम माझ्यावर आलं. गावागणिक गठ्ठे बांधत होते. चिठ्ठ्या निघत होत्या, शेकड्यांनी. प्रत्येकीवर सासर, सासरचं नाव, माहेर, माहेरचं नाव, आणि खाली शेवटची ओळ: 'हाकेला ओ देते.' पुढं बरोबरची खूण. म्हणजे त्या हाका त्यासाठी होत्या. रडणाऱ्या म्हातारीच्या चिठ्ठीवरही खूण होती.

शेलूचा कप्पा लहानच. त्यात तळाशी एक चिठ्ठी सापडली. सासरच्या जागी रेघ. सासरच्या नावाच्या जागी माझं नाव, ज्यानं मला सगळे ओळखतात ते. माहेर, शेलू. माहेरचं नाव, म्हणजे आई मला ज्या नावानं हाक मारायची ते. लग्नाआधीच्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटावर नाव-गाव असणार, दवाखान्याच्या कपाटात पडलेलं. दुसरं कुठून मिळणार त्यांना? आणि खाली शेवटच्या ओळीत, त्याच नेटक्या टपाली अक्षरात:

'हाक मारली नाही. ओ देईल का, ठाऊक नाही.'

खोलीत मी एकटी होते. बाहेर टेंपोवाला गठ्ठे लवकर आणा म्हणून खोळंबला होता. मी ते नाव एकदा वाचलं, मोठ्यानं. ओ काही दिली नाही. त्या माणसाला खूण करायला मिळावी म्हणून मी ओ देणार नव्हते. चिठ्ठी फाडायला हात गेला होता, पण फाडली नाही. शेलूच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली आणि गठ्ठा बांधला. पुढं कधी मी शुद्धीवर नसले, तर शोधायला नको कुणाला.